ऑक्टोबरातला ट्रेड तीन वर्षं आधीच ठरलेला असतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला राहता, मुलगा अकरा वर्षांचा आणि कॉलिंगवुड या फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता. आयपीएलचा लिलाव पाहायची तुम्हाला सवय, त्यामुळे फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, मोसम संपल्यावर इथे चालणारी खेळाडूंची देवाणघेवाण कळत नाही. एक क्लब दुसऱ्याला पैसे देत नाही, मग खेळाडू जातो कसा? पाच वर्षांचा करार शिल्लक असताना अ‍ॅडम ट्रेलोरला २०२० मध्ये कॉलिंगवुडने का घालवलं? आणि एवढं होऊनही त्याच क्लबने २०२३ मध्ये चषक कसा जिंकला?

मी खेळाडूंच्या प्रतिनिधींच्या एका ऑफिसात बारा वर्षं करारांचे हिशेब पाहिले. आता एका उपनगरी क्लबच्या भरती समितीवर आहे. मैदानावरचे डावपेच सांगणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. पण कोण का गेला आणि कशाच्या बदल्यात गेला, हे मी कागदावर पाहिलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आयपीएलशी फरक. तिथे दरवर्षी प्रत्येक संघाकडे ठरलेली रक्कम असते आणि खेळाडूच्या नावावर बोली लागते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबई इंडियन्समध्ये परत आला तो तर सरळ रोख रकमेवर. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, असं चालत नाही. खेळाडू घेतल्याबद्दल एक क्लब दुसऱ्याला किंमत म्हणून पैसे देत नाही. देवाणघेवाण होते ती खेळाडूंची आणि ड्राफ्टमधल्या पिकांची. ड्राफ्ट म्हणजे नोव्हेंबरात होणारी नव्या मुलांची निवड. साधारण अठरा वर्षांची मुलं त्यात उतरतात आणि क्लब आपापल्या क्रमाने त्यांची निवड करतात. मोसमात तळाला राहिलेल्या क्लबला पहिला नंबर, चषक जिंकणाऱ्याला फेरीतला शेवटचा. निवडीचा हा नंबर म्हणजेच पिक, आणि ट्रेडच्या बाजारात तेच चलन.

या सगळ्यावर छत असतं ते सॅलरी कॅपचं, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचं. २०२५ मध्ये ही मर्यादा प्रत्येक क्लबला पावणेदोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या किंचित वर होती. श्रीमंत क्लब म्हणून कुणाला जास्त खर्च करता येत नाही. उलट निदान ९५ टक्के रक्कम खेळाडूंवर खर्च करावीच लागते, त्यामुळे गरीब क्लबला पैसे वाचवत बसण्याचीही सोय नाही. म्हणजे अठराही क्लबांच्या खिशात जवळपास सारखेच पैसे. मग कुणी वर्षानुवर्षं वर आणि कुणी खाली का राहतं? माझ्या मते याचं अर्ध्याहून जास्त उत्तर करारांच्या रचनेत आहे. कोणत्या वर्षी कुणाला किती द्यायचं कबूल केलंय, तिथेच पुढची गोष्ट ठरते. ट्रेडची बातमी ऑक्टोबरात छापून येते, पण तो निर्णय बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं आधी, सही करताना झालेला असतो.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. चांगल्या खेळाडूशी चार वर्षांचा, एकूण ३० लाख डॉलरचा करार करायचा आहे. क्लबला वाटतंय की यंदा चषक आवाक्यात आहे, म्हणून यंदा जास्तीत जास्त खेळाडू टिकवायचेत. मग पैसे असे लावतात: पहिल्या वर्षी ५ लाख, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी ८ आणि चौथ्या वर्षी ११. खेळाडू खूश, कारण एकूण रक्कम तीच. क्लबही खूश, कारण आज जागा झाली. असे पाच-सहा करार एकाच वेळी केले, की सगळ्यांची जड वर्षं एकदमच येऊन आदळतात. त्या वर्षी क्लबकडे चांगले खेळाडू असतात, पण त्यांना ठेवायला जागा नसते.

कॉलिंगवुडचं २०२० मध्ये हेच झालं. २०१८ ची ग्रँड फायनल, म्हणजे चषकाचा अंतिम सामना, ते वेस्ट कोस्टशी पाच गुणांनी हरले होते. २०१९ च्या प्राथमिक अंतिम सामन्यात, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीच्या फेरीत, ग्रेटर वेस्टर्न सिडनीने त्यांना चार गुणांनी हरवलं. इतक्या जवळ आलेला क्लब काय करतो? हातातला संघ फुटू नये म्हणून मोठमोठे, लांब पल्ल्याचे करार करतो. २०२० च्या सुरुवातीला रकमन (उंच उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच खेळाडू) ब्रॉडी ग्रंडीशी तर सात वर्षांचा करार झाला, थेट २०२७ पर्यंतचा. मग कोविड आला, मोसम निम्म्याहून अधिक क्वीन्सलंडमध्ये खेळला गेला, लीगचं उत्पन्न पडलं आणि पुढच्या वर्षीच्या पैशांना कात्री लागली. आधीच ताणलेला पगारांचा तक्ता अगदी तुटायला आला.

त्या वर्षीचा ट्रेडचा काळ ४ ते १२ नोव्हेंबर होता, कारण ग्रँड फायनलच उशिरा, २४ ऑक्टोबरला झाली होती. त्या नऊ दिवसांत कॉलिंगवुडने टॉम फिलिप्स हॉथॉर्नला दिला, बदल्यात घेतला फक्त ६५ वा पिक. जेडन स्टीफन्सन २०१८ चा सर्वोत्तम नवोदित खेळाडू, तो आटू बोसेनावुलागीसोबत नॉर्थ मेलबर्नला गेला. आणि शेवटच्या संध्याकाळी ट्रेलोर वेस्टर्न बुलडॉग्जकडे. त्याला जायचं नव्हतं, आणि हे त्याने उघडपणे सांगितलंही होतं.

इथे एक नियम सांगायला हवा, कारण तुमचा मुलगा नेमकं हेच विचारेल. एएफएलमध्ये करार चालू असलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही. कागदावर खेळाडू ‘नाही’ म्हणू शकतो. पण ‘आमच्या योजनेत तू नाहीस’ असं क्लबनेच सांगितल्यावर तिथे राहून करायचं काय? ट्रेलोरने अखेर सही केली, आणि तो दुसऱ्या क्लबसाठी खेळत असताना त्याच्या पगाराचा काही भाग कॉलिंगवुडने पुढची वर्षं भरला. क्लबांमध्ये पैसे हलतात ते फक्त या वाटेने: सोडलेल्या खेळाडूच्या पगाराचा वाटा उचलून. तो वाटाही देणाऱ्या क्लबच्या कॅपमध्ये मोजला जातो.

ट्रेलोरच्या व्यवहाराची चिठ्ठी जवळून बघण्यासारखी आहे. कॉलिंगवुडने ट्रेलोरबरोबर २६, ३३ आणि ४२ क्रमांकांचे पिक दिले, आणि बुलडॉग्जकडून १४ वा पिक व पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा पिक घेतला. यातले २६ आणि ३३ हे स्टीफन्सनच्या बदल्यात नॉर्थकडून नुकतेच आलेले होते. आता प्रश्न असा, की बुलडॉग्जसारख्या क्लबला चांगला १४ वा पिक सोडून तीन मागचे पिक कशाला हवे होते?

कारण त्यांच्या अकादमीतून आलेला जमारा उगल-हेगन त्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा मुलगा मानला जात होता. अकादमीतल्या मुलावर, किंवा जुन्या खेळाडूच्या मुलावर, त्याच्या क्लबचा आधी हक्क असतो. पण तो फुकट मिळत नाही. दुसऱ्या क्लबने त्याच्यावर ज्या नंबरला बोली लावली, त्या नंबरचे गुण आपल्या पिकांतून भरावे लागतात; प्रत्येक पिकाचे गुण लीगच्या कोष्टकात ठरलेले असतात. तेव्हाच्या कोष्टकात पहिल्या पिकाचे ३००० गुण होते आणि २० टक्के सूट मिळायची, म्हणजे २४०० गुण जमवायचे. १४ व्या पिकाचे गुण १,१६१. २६ व्याचे ७२९, ३३ व्याचे ५६३, ४२ व्याचे ३९५, मिळून १,६८७. म्हणजे नुसती अदलाबदल करून बुलडॉग्जकडे ५२६ गुण जास्त आले, आणि वर एक तयार मधल्या फळीचा खेळाडूही मिळाला, त्याच्या पगाराला कॉलिंगवुडच्या हातभारासकट. अ‍ॅडलेडने पहिल्याच नंबरला बोली लावली, बुलडॉग्जने ती जुळवली. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ट्रेलोर बुलडॉग्जकडून ग्रँड फायनल खेळला आणि २०२४ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, आला. खेळाडू संपला होता म्हणून त्याला काढलं नव्हतं, हे यातून स्पष्ट दिसतं.

ही गुणांची पद्धत आता थोडी बदलली आहे. २०२५ पासून सूट २० वरून १० टक्क्यांवर आली आणि मागच्या पिकांची किंमत उतरली, त्यामुळे चिल्लर गोळा करून सोनं घेण्याची वाट बरीच अरुंद झाली. तरी जुनं कोष्टक समजल्याशिवाय २०२० चे आणि २०२१ चे व्यवहार कळणारच नाहीत.

कॉलिंगवुडने याच कोष्टकाचा पुढच्या वर्षी स्वतः उपयोग केला. पीटर डायकॉस हे क्लबसाठी २५० सामने खेळलेले. वडिलांचे एकाच क्लबकडून १०० सामने झाले असतील तर मुलावर त्या क्लबचा हक्क लागतो. मोठा जॉश आधीच संघात होता आणि धाकटा निक २०२१ च्या ड्राफ्टमध्ये येणार हे सगळ्या मेलबर्नला माहीत होतं. म्हणून २०२० मध्येच कॉलिंगवुडने पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक विकून टाकला. विचार सरळ होता: तो पिक आला तरी डायकॉससाठी गुण भरण्यात जाईल, मग आजच त्याच्या बदल्यात मुलं घेऊ.

चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. २०२१ मध्ये संघ १७ वा आला. नेथन बकली यांनी मोसमाच्या मध्यातच प्रशिक्षकपद सोडलं. विकलेला पिक आता दुसऱ्या क्रमांकाचा झाला होता आणि तो होता ग्रेटर वेस्टर्न सिडनीच्या हातात. त्यावर त्यांनी फिन कॅलघनला घेतलं. पिक हातात असता तर कॉलिंगवुडला दोन नंबरला एक मुलगा घेऊन वर मागच्या पिकांनी डायकॉसही घेता आला असता. डायकॉसवर गोल्ड कोस्टने चौथ्या नंबरला बोली लावली. २,०३४ गुण, सूट वजा जाता १,६२७. ते कॉलिंगवुडने चाळिशीच्या आसपासचे पिक जोडून भरले. आज निक डायकॉस लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक आहे. तरीही माझं मत असं की भविष्यातला पहिल्या फेरीचा पिक विकताना क्लबने ‘आपण सर्वांत वाईट किती खाली जाऊ’ हा आकडा लिहून मगच सही करावी. सगळे क्लब आपण वरच राहू असंच गृहीत धरतात. २०२५ पासून तर दोन वर्षं पुढचे पिकही विकता येतात, त्यामुळे ही काळजी दुपटीने घ्यायला हवी.

आता त्या १४ व्या पिकाचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण मला या धंद्यातली ही साखळी सर्वांत विलक्षण वाटते. ड्राफ्टच्या रात्री मधल्या बोलींमुळे तो १७ वा झाला, आणि त्यावर कॉलिंगवुडने ऑलिव्हर हेन्रीला घेतलं. मुलगा चांगला निघाला. पण त्याचं घर जीलाँगचं आणि थोरला भाऊ जॅक जीलाँगच्याच संघात. दोन मोसमांनंतर त्याने घरच्या क्लबकडे जायची मागणी केली. २०२२ च्या ऑक्टोबरात तिघांचा मिळून एक व्यवहार झाला: हेन्री जीलाँगला, जीलाँगचा कूपर स्टीफन्स हॉथॉर्नला आणि हॉथॉर्नचा टॉम मिचेल कॉलिंगवुडला. सोबत पिकांची हलवाहलवही झाली. मिचेल म्हणजे २०१८ चा ब्राउनलो पदकविजेता, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ते पदक. २०२० मध्ये मधल्या फळीतला एक खेळाडू पैशांअभावी घालवलेल्या क्लबने, दोन वर्षांनी मधल्या फळीतच अनुभवी माणूस आणला, आणि मधला दुवा होता अठरा वर्षांचा एक मुलगा.

‘घरी जायचंय’ ही गोष्ट बाहेरून किरकोळ वाटते. आपल्याकडची मुलं शिकायला पुण्याला जातात, नोकरीला बंगळुरूला जातात, त्यात काय एवढं, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण ड्राफ्टमध्ये मुलगा क्लब निवडत नाही, क्लब मुलाला निवडतो. अठराव्या वर्षी पर्थच्या मुलाला सिडनीला जावं लागतं, अ‍ॅडलेडच्या मुलाला मेलबर्नला, आणि पहिली काही वर्षं करारही ठराविकच असतो. जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा मुलगा, मूळ दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. नॉर्थ मेलबर्नमध्ये एकच मोसम काढून तो पोर्ट अ‍ॅडलेडला परतला. म्हणून भरती करणारे लोक मुलाचा खेळ बघतातच, पण घरीही जातात. आईवडिलांशी बोलतात, आजी कुठे राहते, भावंडं किती, हेही विचारतात. चांगला भरती अधिकारी स्वयंपाकघरात बसून जे ऐकतो ते कुठल्याही चाचणीत दिसत नाही.

फ्री एजन्सीबद्दल थोडक्यात. ही सोय २०१२ मध्ये आली. क्लबकडे आठ वर्षं काढलेला खेळाडू करार संपल्यावर मनाप्रमाणे दुसरीकडे जाऊ शकतो, आणि नवा क्लब त्याच्या बदल्यात काही देत नाही. जुन्या क्लबला लीगच भरपाई म्हणून पिक देते. अट एवढीच, की जास्त पगारवाल्या खेळाडूंच्या बाबतीत जुन्या क्लबला नव्या क्लबइतकाच देकार देऊन अडवता येतं. २०२० मध्ये दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात पाहायला मिळाल्या. जो डॅनिहर ब्रिस्बेनला निघाला तेव्हा एसेंडनने अडवलं नाही, पहिल्या फेरीचा भरपाई पिक घेतला. जेरेमी कॅमरन जीलाँगला निघाला तेव्हा मात्र ग्रेटर वेस्टर्न सिडनीने देकार जुळवला आणि जीलाँगला ट्रेड करायला भाग पाडून पहिल्या फेरीचे तीन पिक वसूल केले. जीलाँगने दिले, आणि २०२२ मध्ये कॅमरनसह चषक उचलला. डॅनिहरही २०२४ मध्ये ब्रिस्बेनसोबत चषक जिंकूनच निवृत्त झाला. महाग वाटणारा व्यवहार महागच असतो असं नाही. आपल्या संघाला नेमकं काय कमी आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याला तो परवडतो.

कॉलिंगवुडचं २०२२ मला याच कारणासाठी आवडतं. नवे प्रशिक्षक क्रेग मॅक्रे यांच्या पहिल्याच मोसमात संघ सिडनीविरुद्ध प्राथमिक अंतिम सामन्यात एका गुणाने हरला. इतक्या जवळ आल्यावर २०१८-१९ सारखीच ओढ पुन्हा लागली असती, की आहे तेच घट्ट धरून ठेवू. त्यांनी उलट केलं. ग्रंडीला मेलबर्न क्लबकडे जाऊ दिलं, २७ व्या पिकावर, आणि त्याच्या पगाराचा काही भाग स्वतः भरत राहिले. इतक्या मोठ्या रकमनसाठी २७ वा पिक म्हणजे फारच कमी, अशी ओरड झाली. पण सात वर्षांचा तो करार दरवर्षी कॅपमधली जेवढी जागा खात होता, ती त्या पिकापेक्षा कितीतरी मोलाची होती. रकमनचं काम डार्सी कॅमरन आणि मेसन कॉक्स यांच्यावर आलं. कॅमरन सिडनीहून ५६ व्या पिकावर आणलेला. कॉक्स अमेरिकेतला बास्केटबॉलपटू, या खेळाचा चेंडूही आधी हातात न धरलेला, रूकी, म्हणजे नवखा, म्हणून घेतलेला.

मोकळ्या झालेल्या जागेत चौघे आले. मिचेलबद्दल सांगितलंच. ब्रिस्बेनचा डॅन मॅकस्टे फ्री एजंट म्हणून आला. अ‍ॅडलेडहून बिली फ्रॅम्प्टन आला, जो उंच, पुढेही खेळेल आणि मागेही. आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनीहून बॉबी हिल. हिलला त्याच्या आदल्या वर्षी एसेंडनला जायचं होतं, तो व्यवहार फिसकटला. २०२२ च्या मध्यावर त्याला वृषणाचा कर्करोग झाल्याचं कळलं, शस्त्रक्रिया आणि उपचार झाले. लहान चणीचा, वेगवान पुढचा खेळाडू, पण नुकताच आजारातून उठलेला. अशा वेळी बरेच क्लब मागे सरतात. कॉलिंगवुड सरलं नाही.

३० सप्टेंबर २०२३, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, एक लाखाहून जास्त प्रेक्षक. कॉलिंगवुड ९०, ब्रिस्बेन ८६. हिलचे चार गोल आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नॉर्म स्मिथ पदक. मॅकस्टे आदल्या सामन्यात जखमी झाल्याने खेळला नाही, त्याच्या जागी फ्रॅम्प्टन आला आणि त्याने ब्रिस्बेनच्या बचावफळीचा कणा असलेल्या हॅरिस अँड्र्यूजला गुंतवून ठेवायचं काम केलं. असं काम गुणफलकावर दिसत नाही. तुमच्या मुलाला त्या सामन्याचं चित्रीकरण पुन्हा दाखवा आणि दहा मिनिटं फक्त फ्रॅम्प्टनकडे बघायला सांगा. चेंडूकडे बघायचं नाही. भरती करणारे लोक सामना असाच बघतात.

अर्थात कागदाच्या या बाजूला माणसं असतात, आणि ते मी विसरू शकत नाही. आमच्या ऑफिसात एकदा तेवीस वर्षांचा एक खेळाडू समोर बसला होता. त्याचा करार अजून एक वर्ष बाकी होता. क्लबचं नाव सांगत नाही. बोलता बोलता त्याच्या फोनवर वडिलांचा मेसेज आला: बातम्यांत तुझं नाव आलंय, हे खरं आहे का? क्लबचा फोन तोपर्यंत आलेला नव्हता. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि मला म्हणाला, ‘तिसऱ्या वर्षाचा आकडा वाच ना.’ मी वाचला. त्याला तो पाठ होता. पुन्हा म्हणाला, ‘खाली सही आहे ना?’ होती. मी ते पान त्याच्याकडे वळवलं आणि तो बराच वेळ त्या सहीकडे बघत बसला. क्लबचा फोन आला तो चाळीस मिनिटांनी. व्यवहार करावा लागणं मी समजू शकतो. पण माणसाला ते आधी आपल्या तोंडून सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं ज्या क्लबकडे नसतात, त्यांच्याकडे पुढच्या वर्षी चांगले खेळाडू यायला कचरतात. प्रतिनिधी आपसात बोलतात. खेळाडू तर त्याहून जास्त बोलतात.

आमच्या उपनगरी क्लबातही हेच नियम लहान आकारात असतात. व्हिक्टोरियात स्थानिक क्लबांना खेळाडूंच्या गुणांची मर्यादा आहे. घरचा, लहानपणापासून आपल्याकडे खेळलेला मुलगा एका गुणात बसतो. वरच्या स्तरावरून आणलेल्याला त्याच्या कितीतरी पट गुण लागतात. सुरुवातीला आम्हीही दोन मोठी नावं आणून गुण संपवून बसलो होतो. पुढच्या वर्षी ठरवलं की आधी ज्युनिअर गटातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जायचं, बाहेरचा खेळाडू नंतर. त्यातली सहा मुलं आज पहिल्या संघात आहेत.

यातूनच तुमच्या घराशी संबंध असलेली एक गोष्ट आठवली. एएफएल क्लबांच्या ‘नेक्स्ट जनरेशन अकादमी’ असतात. त्या फर्स्ट नेशन्स, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, समाजातल्या आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठी आहेत, आणि आशियात किंवा आफ्रिकेत जन्मलेल्या पालकांच्या मुलांना त्यात वाव आहे. कॉलिंगवुडने २०२० मध्ये घेतलेला रीफ मॅकिनिस अशाच वाटेने आला, त्याच्या आईकडचं घराणं फिलिपिन्सचं. प्रत्येक क्लबचा भाग ठरलेला असतो, त्यामुळे तुमच्या उपनगरातला मुलगा कॉलिंगवुडच्याच अकादमीत जाईल असं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. पण टारनीट, पॉइंट कुक, वेरिबी या भागात आपली इतकी मुलं शनिवारी सकाळी ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीच्या वर्गाला, येतात, की ही वाट आईवडिलांना माहीत असायला हवी. क्लबचे लोक स्थानिक ज्युनिअर लीगमध्ये येतात. विचारायला संकोच करू नका.

शेवटी तुम्ही लिहिलं होतं की मुलाने ‘पुढच्या ऑक्टोबरात कॉलिंगवुडने कोणाला घ्यावं’ अशी दहा नावांची यादी भिंतीवर लावली आहे. ती काढू नका. त्याला म्हणावं, प्रत्येक नावापुढे दोन रकाने आख: करार कोणत्या वर्षी संपतो आणि आपल्या संघात त्याच जागी खेळणाऱ्याचा करार कोणत्या वर्षी संपतो. करार कधी संपतो हे बातम्यांत येतच असतं. दोन्ही वर्षं जिथे जुळतील त्या नावाभोवती गोल करायचा. त्या दहांपैकी किती गोल झाले, ते मला जरूर कळवा.